पारितोषिकाच्या झगमगाटात झाकलेला दुष्काळ

मानवी हक्क आणि सामाजिक न्याय यांवरील लेखनाला मिळणाऱ्या परदेशी पारितोषिकांचा आपल्याकडील विद्वज्जनांवर विलक्षण पगडा आहे. एकदा ती मोहोर उमटली की आतील मजकूर पारखण्याची गरज कुणाला भासत नाही. या मंडळींनी वॉल्टर ड्युरांटी या गृहस्थाचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

ड्युरांटी हा 'न्यूयॉर्क टाइम्स'चा मॉस्कोतील वार्ताहर. स्टालिनच्या पंचवार्षिक योजनेसंबंधीच्या १९३१ सालातील लेखांसाठी त्याला १९३२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये धान्याची सक्तीने वसुली करून गावेच्या गावे उपाशी मारण्यात आली. बळींची संख्या अनेक अभ्यासक ३५ ते ४० लाखांच्या घरात मानतात. मार्च १९३३ मध्ये गॅरेथ जोन्स हा वेल्सचा २७ वर्षांचा पत्रकार त्या खेड्यांतून पायी हिंडला आणि बर्लिनला येऊन त्याने ही हकीकत जगासमोर मांडली. अवघ्या दोन दिवसांनी, ३१ मार्चच्या अंकात, ड्युरांटीने त्याला खोटे पाडले. लोक भुकेले आहेत, पण भूकबळी नाहीत, असा त्याचा निर्वाळा! एका बाजूला हा नवखा पोरगा आणि दुसऱ्या बाजूला पुलित्झरविजेता. जगाने कुणाचे ऐकले हे काय सांगावे? त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हा सत्यवादी गृहस्थ मॉस्कोतील ब्रिटिश वकिलातीत मात्र खासगीत सांगत होता की, एक कोटी माणसे मेली असणे शक्य आहे.

२००३ साली पारितोषिक काढून घेण्याची मागणी झाली. खुद्द 'टाइम्स'ने नेमलेले इतिहासकार मार्क फॉन हागेन यांनीही तसेच मत दिले. पण पुलित्झर मंडळाने नकार दिला. कारण काय, तर पारितोषिक १९३१ च्या लेखांना होते, १९३३ च्या नव्हे. आणि त्या लेखांत हेतुपुरस्सर फसवणूक केल्याचा निःसंदिग्ध पुरावा नाही. वा रे न्याय! १९३१ मध्ये लक्षावधी शेतकरी 'कुलक' ठरवून देशोधडीला लावले जात होते आणि ड्युरांटी सरकारी भूमिकाच री ओढून मांडत होता. १९८१ मध्ये जॅनेट कुक या पत्रकार महिलेने आठ वर्षांचा एक व्यसनी मुलगा कल्पनेने रचल्याचे उघड होताच तिचे पुलित्झर परत करण्यात आले. म्हणजे नसलेले मूल रचले तर पारितोषिक जाते; मेलेली मुले दडवली तर ते टिकते.

याच दुष्काळाचे वृत्त गुप्तपणे बाहेर धाडणारा माल्कम मगरिज हा त्याआधी केरळात अध्यापक होता, हे जाता जाता नोंदवण्याजोगे. जोन्स आणि मगरिज या दोघांचा युक्रेनने २००८ साली मरणोत्तर गौरव केला. जोन्स १९३५ मध्येच, तिशी गाठण्याआधी, मंगोलियाच्या सीमाप्रदेशात लुटारूंच्या गोळ्यांना बळी पडला होता. पुलित्झरच्या यादीत १९३२ पुढे ड्युरांटीचे नाव आजही कायम आहे.