पाव टक्क्याची साक्ष

महिन्याची दहा तारीख उलटली, फंडांच्या याद्या जाहीर झाल्या, की माझ्या सांगलीच्या ऑफिसात एकच प्रश्न येतो : "अमुक फंडानं तमुक शेअर घेतलाय, आपणही घ्यायचा का?" मी म्युच्युअल फंडाचा वितरक. माझा उलटा प्रश्न ठरलेला : फंडाच्या किती टक्के?

बहुतेकांना रुपये ठाऊक असतात, टक्के नसतात. 20 हजार कोटींच्या योजनेत 40 कोटींचा शेअर म्हणजे 0.2 टक्के. तो शून्यावर गेला तरी शंभराची एनएव्ही (युनिटची किंमत) 99.80 होईल. त्याच शेअरमध्ये निम्मी बचत घालणाऱ्याचं काय?

शिवाय फंडानं तो विकत घेतला असेलच असं नाही. 2023 मध्ये जिओ फायनान्शिअल रिलायन्समधून वेगळी झाली, तेव्हा रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे तिचा एक शेअर भागधारकांना मिळाला. यादीत नाव नवं, पण ते कुणी निवडलेलं नव्हतं. इंडेक्स फंड शेअर घेतो तो निर्देशांकात आहे म्हणून. आर्बिट्राज फंड इकडे शेअर घेतो आणि तिकडे त्याचंच फ्युचर विकतो. भाव चढो वा पडो, त्याला सोयरसुतक नसतं.

परदेशातही हीच गल्लत होते. अमेरिकेत मोठ्या गुंतवणूक संस्थांना तिमाही संपल्यावर 45 दिवसांत हातातल्या शेअरांचं 'थर्टीन-एफ' विवरण द्यावं लागतं. ऑगस्ट 2020 मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या विवरणात बॅरिक गोल्ड ही सोनेखाण कंपनी दिसली. सोन्याला कायम नाकं मुरडणारे बफे बदलले, अशी हाकाटी झाली आणि शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून अधिक उसळला. रक्कम सुमारे 56 कोटी डॉलर. पण 200 अब्ज डॉलरच्या शेअरसंचात ती जेमतेम पाव टक्का. शिवाय बर्कशायरचा काही पैसा बफे नव्हे, तर टॉड कॉम्ब्स आणि टेड वेश्लर हे तिथले व्यवस्थापक सांभाळत होते. खरेदी कुणी ठरवली, हे विवरणात नसतं. डिसेंबरअखेर बॅरिक यादीतून गेली, आणि तेही जगाला कळलं फेब्रुवारीत.

या याद्या मीही वाचतो. पण लहान गुंतवणूक महिन्यामागून महिना वाढतेय का, हे बघतो. नुसत्या नावावर पैसे लावायला सांगत नाही. 'मोठ्या फंडाची एन्ट्री' असे मथळे देणाऱ्यांनी रकमेशेजारी टक्केवारीही छापावी. मग त्यातले निम्मे मथळे छापण्याजोगे उरणार नाहीत.