कवटी लहान, लाड मोठे

मुलगा किंवा मुलगी इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली असणे ही मध्यमवर्गीय मराठी घरांत आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. सहा महिन्यांच्या व्हिसावर तिकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या सामानात भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला असतोच. परंतु तिकडच्या घरात चार पायांचे एक नातवंडही आपली वाट पाहत बसले आहे, हे काहींना विमानतळावरून घरी जाताना गाडीतच कळते. लांब केसाळ कान, मोठे ओलसर डोळे, सहा-आठ किलो वजन आणि कोणाच्याही मांडीवर बिनदिक्कत चढण्याची सवय. आकाराच्या मानाने त्याच्या जातीचे नाव मात्र फारच भारदस्त : कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल.

या कुत्र्याविषयी लिहावयाचे ते निव्वळ कौतुकापोटी नव्हे. माणसाने स्वतःच्या डोळ्यांना सुख व्हावे म्हणून एखादा जीव किती वाकवावा, आणि वाकवून झाल्यावर त्याच्याशी वागावे कसे, हा प्रश्न या लहानग्या प्राण्याने युरोपातील न्यायालयापर्यंत नेला आहे.

नावातील राजा म्हणजे इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. १६४९ मध्ये त्याच्या वडिलांचा शिरच्छेद झाला, १६६० मध्ये राजेशाही परत आली आणि पुढे १६८५ पर्यंत त्याने राज्य केले. यादवी युद्धात राजपक्षाकडून लढणाऱ्यांना ‘कॅव्हेलियर’ म्हणत. या राजाला छोट्या स्पॅनियल कुत्र्यांचे विलक्षण वेड होते. सॅम्युएल पीप्सने आपल्या प्रसिद्ध रोजनिशीत, राजेसाहेब राज्यकारभाराच्या बैठकीत कामाऐवजी कुत्र्याशी खेळत बसतात, अशी नापसंती नोंदवून ठेवली आहे. ही कुत्री कोठेही, अगदी संसदेतही, नेता येतील असा कायदा राजाने केला, ही आख्यायिका इंग्रज मंडळी आजही हौसेने सांगतात. असा कायदा दप्तरात कोणाला सापडलेला नाही.

पण आज दिसणारे कुत्रे थेट त्या राजाच्या मांडीवरून उतरून आलेले नाही, हे त्याच्या मालकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात फॅशन पालटली. चपट्या नाकाच्या, घुमटासारख्या डोक्याच्या कुत्र्यांना मागणी आली आणि जुने लांब नाकाचे रूप जवळजवळ नाहीसे झाले. १९२६ मध्ये रॉझवेल एल्ड्रिज नावाचा एक अमेरिकन गृहस्थ जुन्या चित्रांतील कुत्रा शोधत इंग्लंडला आला. तो सापडेना, तेव्हा त्याने क्रफ्ट्स या विख्यात श्वानप्रदर्शनात जुन्या धाटणीच्या स्पॅनियलसाठी पंचवीस पौंडांचे बक्षीस लावले. तज्ज्ञ पैदासकारांनी आधी नाके मुरडली, चेष्टाही झाली. तरी १९२८ मध्ये या जातीचा स्वतंत्र क्लब निघाला, ‘अॅन्स सन’ नावाच्या कुत्र्याला समोर ठेवून जातीची लक्षणे लिहिली गेली आणि १९४५ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने तिला वेगळी जात म्हणून मान्यता दिली. म्हणजे सतराव्या शतकाचा वारसा म्हणून मिरविले जाणारे हे कुत्रे प्रत्यक्षात विसाव्या शतकातील पुनर्निर्मिती आहे, आणि तीही जुन्या चित्रांकडे पाहून केलेली.

पुनर्निर्मितीसाठी हाताशी असलेली कुत्री मूठभर होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांतलीही कमी झाली. उरलेल्यांतच पुन्हा पुन्हा संकर करावा लागला, आणि एखादा कुत्रा प्रदर्शनात जिंकला की त्याच्याकडून पिल्ले घेण्यासाठी रांग लागे. सगोत्र विवाहाविषयी आपल्या पूर्वजांनी घातलेले निर्बंध आज कोणाला जाचक वाटत असतील. पण ते मुळीच नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण पाहावयाचे असेल तर या कुत्र्याच्या छातीला कान लावावा.

छातीत हृदयाची मिट्रल झडप असते. कॅव्हेलियरमध्ये ती अकाली झिजते. पाच वर्षांचे होईपर्यंत साधारण निम्म्या कुत्र्यांच्या हृदयाच्या ठोक्यात फरफर ऐकू येऊ लागते आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक सर्वांच्या. दुसरा विकार अधिक क्रूर आहे. गोंडस गोल डोक्याच्या हव्यासात कवटीचा मागचा भाग इतका आखूड झाला की मेंदूला आत पुरेशी जागाच उरत नाही. लहान मेंदू मागच्या छिद्राकडे ढकलला जातो, मेंदूभोवतीच्या द्रवाचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात. त्याला सिरिंगोमायेलिया म्हणतात. असे कुत्रे मानेपाशी पाय नेऊन हवेतच खाजवत राहते, गळ्याला हात लागला तर किंचाळते, उंच उशीवर डोके टेकवून झोपते. ‘किती गोड सवय आहे!’ म्हणून त्याचे फोटो काढले जातात; वास्तविक ती वेदना असते.

ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या या अवस्थेवर एक माहितीपट दाखविला. हा विकार असल्याचे निदान झालेला एक कॅव्हेलियर क्लबच्या प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरला होता आणि त्याच्यापासून पिल्लेही घेतली जात होती, हे त्यातून देशासमोर आले. इतका गदारोळ उठला की वर्षानुवर्षे क्रफ्ट्सचे प्रक्षेपण करणाऱ्या बीबीसीने २००९ पासून ते थांबविले. पुढे २०१२ मध्ये पैदाशीच्या कुत्र्यांची कवटी एमआरआयवर तपासण्याची योजना ब्रिटनमध्ये सुरू झाली. प्रामाणिक पैदासकार ती पाळतात, पदरचे पैसे घालतात, आणि त्यांना सरसकट झोडपणे अन्यायाचे होईल. पण योजना ऐच्छिक. जो पाळत नाही, त्याचीही पिल्ले हातोहात खपतात.

नॉर्वेने मात्र वेगळा मार्ग धरला. तेथील एका प्राणिसंरक्षण संस्थेने पैदासकारांना आणि नॉर्वेजियन केनेल क्लबला न्यायालयात खेचले. ऑस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये कॅव्हेलियर आणि इंग्लिश बुलडॉग या दोन्हींची पैदास प्राणिकल्याण कायद्याचा भंग ठरविली. अपिलात बुलडॉगपुरता निकाल फिरला, कॅव्हेलियरपुरता टिकला. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानेही शुद्ध कॅव्हेलियरची पैदास बेकायदा असल्याचे सांगितले. कुत्रे पाळण्यास बंदी नाही. अन्य जातीशी शास्त्रशुद्ध संकर करून निरोगी संतती निर्माण करण्याची वाट मोकळी आहे. फक्त दुखणे ठाऊक असूनही तेच रक्त पुन्हा पुन्हा घोटायचे नाही, एवढेच न्यायालयाचे म्हणणे.

मला हा निकाल योग्य वाटतो. केवळ तपासण्यांनी हे साधेल, असे म्हणणाऱ्यांपुढे एक अडचण आहे. २०२१ मध्ये स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ जातींच्या कुत्र्यांची जनुके तपासली, तेव्हा अपायकारक बदलांचा सर्वाधिक भार कॅव्हेलियरमध्ये आढळला. घड्यातच चांगले पाणी उरलेले नसेल तर गाळणे बारीक करून किती उपयोग? नवे पाणी आणावे लागेल. ‘मग ती जात शुद्ध कशी राहील?’ या प्रश्नाला उत्तर असे की, अवघ्या शंभर वर्षांपूर्वी एका बक्षिसासाठी जुळवलेल्या शुद्धतेपेक्षा त्या मुक्या जीवाची मान महत्त्वाची आहे.

हा धोरणाचा भाग झाला. पण जे कुत्रे आज घरात आहे, त्याचे काय? त्याचे आयुष्य सुसह्य करणे पुष्कळसे घरच्या माणसांच्या हाती असते, आणि येथेच आपल्या आजी-आजोबांचा संबंध येतो.

आपल्याकडे जेवणाआधी गाईचा, कुत्र्याचा, कावळ्याचा घास काढून ठेवण्याची रीत आहे. दारी आलेल्या जिवाला उपाशी पाठवू नये, हा संस्कार फार मोलाचा. पण तो गल्लीत दिवसभर हिंडणाऱ्या, पुढचे अन्न मिळेल की नाही याची शाश्वती नसणाऱ्या कुत्र्यासाठी होता. गालिच्यावर झोपणाऱ्या आठ किलोच्या कॅव्हेलियरला दिवसाकाठी साधारण पाचशे कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी म्हणजे त्यातला पाव हिस्सा तरी झालाच. आजीने एक, आजोबांनी अर्धी आणि नातवाने चीजचा तुकडा दिला, की वाटीतले रोजचे खाणे वर शिल्लकच! या जातीला पोट भरल्याची जाणीव जवळजवळ नसतेच म्हणा ना. त्या ओलसर डोळ्यांनी ती चोवीस तास उपाशी असल्याचे नाटक अप्रतिम वठवते. आमच्या एका आप्तांच्या घरी मी पाहिले, जेवणाच्या टेबलाशी पाच जण बसलेले असताना कुत्रे अचूक आजींच्याच खुर्चीशी जाऊन बसे. कायदा कोठे सैल आहे हे त्याला बरोबर कळलेले होते. चढलेल्या वजनाचा सगळा भार शेवटी त्याच झिजलेल्या झडपेवर पडतो.

वजनाहून गंभीर गोष्ट विषाची. मनुके, बेदाणे आणि द्राक्षे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. किती खाल्ल्यावर, याचा भरवसा नाही. म्हणजे शिऱ्याचा प्रसाद बंद. कांदा आणि लसूण त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी. म्हणजे भाजीचा रस्सा, आमटी, भेळ सारे बंद. चॉकलेट नको, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगगम किंवा शेंगदाण्याचे लोणी तर मुळीच नको. तुपकट, तळकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येते. हृदय दुखावलेल्या कुत्र्याला पापड-फरसाणाचे मीठही बाधते. वाढत्या वयाला व वजनाला जुळणारे तयार खाणे मोजून दोन वेळा द्यावे, शिकवताना द्यायचे तुकडे त्याच मापातून काढावेत. हात मोकळा सोडायचाच असेल तर गाजराचा तुकडा, काकडीची चकती, उकडलेला फरसबीचा दाणा. आजींच्या दृष्टीने हे काही खाणे नव्हे, पण कुत्र्याला ते कळत नाही.

शिकवण्याच्या बाबतीत हे कुत्रे सालस आहे. अडचण बहुधा माणसांची असते. मुलगा ‘सिट’ म्हणतो, सून ‘बस’ म्हणते, आजोबा ‘ए, खाली बैस पाहू’ म्हणतात आणि मग एकमताने ठरते की कुत्रे मंद आहे. घरातल्या सर्वांनी एकच शब्द ठरवावा, मराठी की इंग्रजी हे गौण. (मराठी असेल तर नातवंडांच्या कानावरही चार शब्द पडतील, हा वरचा लाभ.) पाच-पाच मिनिटांचे दोन-तीन पाठ दिवसाला पुष्कळ झाले. जमले की लगेच शाबासकी आणि खाऊ. ओरडणे, नाक घासणे, चापट मारणे या आपल्या जुन्या शाळामास्तरी उपायांनी ही हळवी जात शिकत तर नाहीच, उलट कोपरा धरून बसते. घराबाहेर शी-शू करण्याची सवय लावण्यास एकच गुपित आहे : उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर दर वेळी बाहेर न्यायचे, काम झाले की तेथेच कौतुक करायचे. इंग्लंडच्या पावसात हे काम कोणी करायचे, हा घरगुती राजकारणाचा विषय आहे.

दोन गोष्टी मात्र प्राणावर बेतू शकतात. रूप मांडीवरचे असले तरी रक्त शिकारी स्पॅनियलचे आहे. पाखरू किंवा फुलपाखरू दिसले की हे कुत्रे रस्ता, गाडी काही न पाहता धावत सुटते. म्हणून हाक मारताच परत येणे हा पहिला पाठ, आणि रस्त्यालगत दोरी कधीही सोडायची नाही. दोरी गळपट्ट्याला न अडकवता छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याला अडकवावी. वर सांगितलेले मानेचे दुखणे लक्षात घेता हे केलेच पाहिजे. दुसरे, एकटेपणा त्याला सोसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या सोबतीसाठीच वाढवलेली ही जात आहे. नवरा-बायको दोघेही सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी सहाला परतणार असतील, तर त्यांनी दुसरा कोणता तरी छंद शोधावा, असे मी स्पष्टच म्हणेन.

आणखी एक काम घरी बसलेल्या आजोबांवर खुशाल सोपवावे. कुत्रे गाढ झोपलेले असताना त्याचे श्वास घड्याळ लावून मिनिटभर मोजायचे आणि वहीत लिहायचे. आकडा सतत तिसाच्या वर जाऊ लागला तर पशुवैद्याला त्याच दिवशी कळवायचे. फुप्फुसात पाणी साठू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. हृदय मोठे झाले असले तरी निकामी झालेले नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडन हे औषध सुरू केल्यास हृदय निकामी होणे सरासरी सव्वा वर्षाने लांबते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले आहे. कुत्र्याच्या दहा-बारा वर्षांच्या आयुष्यात सव्वा वर्ष थोडे नव्हे.

आणि ज्यांनी अजून घेतलेले नाही, त्यांनी ल्यूसीची हकीकत ऐकावी. ल्यूसी ही वेल्समधील पिल्लांच्या कारखान्यातून २०१३ मध्ये सोडविलेली कॅव्हेलियर मादी. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात ठेवून तिच्याकडून पिल्ले काढली गेली होती. पाठीचा कणा वाकला होता, अंगावरचे केस गेले होते. २०१६ मध्ये ती गेली. तिच्या नावाने चळवळ उभी राहिली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये ‘ल्यूसीचा कायदा’ लागू झाला : सहा महिन्यांखालील पिल्लू दलालाने किंवा दुकानदाराने विकायचे नाही, जन्मले त्या जागी, आईसोबत दाखवूनच पैदासकाराने ते द्यायचे. खरेदीदाराने आणखी दोन गोष्टी मागाव्यात. आईबापांचा एमआरआय, आणि ते दोघेही अडीच वर्षांवरचे असून त्यांच्या हृदयात दोष नसल्याचा हृदयतज्ज्ञाचा दाखला. शिवाय पिल्लाच्या आजी-आजोबांची हृदये पाचव्या वर्षी निर्दोष होती, याचाही.

भारतातही २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदास-विक्रीचे नियम आहेत, पैदासकाराला राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. तरी पुण्या-मुंबईत मोबाइलवर फोटो पाहून, पैसे आगाऊ पाठवून पिल्लू मागविणारी सुशिक्षित मंडळी माझ्या परिचयात आहेत. पिल्लाची आई कोठे आहे, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारलेले नव्हते.