हवेतील विषाचे माप कामगाराच्या हाती द्या!

वाण्याच्या दुकानातील वजने खरी की खोटी हे पाहण्यासाठी सरकारी निरीक्षक येतो. दुधात पाणी किती पडले याची शंका आली तर लॅक्टोमीटर बुडवून पाहता येते. शेरभर साखरेत छटाकभर कमी आली तर आपण दुकानदाराशी हुज्जत घालतो आणि ती घालण्याचा आपल्याला हक्क आहे, असे मानतो. परंतु तळोजे, तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम किंवा कुरकुंभ येथील रासायनिक कारखान्यात पाळीवर उभा असलेला माणूस श्वासागणिक कोणता वायू आणि किती आत घेतो, हे त्याने कोणाला विचारावे? आणि विचारले तर त्याला उत्तर मिळते काय? आजचा आमचा प्रश्न एवढाच आहे. प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरावर हजारो कामगारांची फुप्फुसे आणि त्यांचे संसार अवलंबून आहेत.

असे माप अस्तित्वातच नाही, असे मुळीच नव्हे. कारखान्यातील हवेत एखादा घातक पदार्थ जास्तीत जास्त किती असावा, याचे आकडे शास्त्रज्ञांनी ठरविलेले आहेत. हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती भाग, अशा हिशेबाने ते सांगतात; यालाच पीपीएम म्हणतात. एक आकडा आठ तासांच्या सरासरीचा असतो, दुसरा पंधरा मिनिटांच्या अल्प मुदतीचा. अमोनियाची मर्यादा आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात आठ तासांसाठी २५ आणि पंधरा मिनिटांसाठी ३५ अशी दिलेली होती. बर्फाच्या कारखान्यात किंवा शीतगृहात काम करणाऱ्या किती जणांना हे दोन आकडे ठाऊक असतील?

कोणी म्हणेल, आकडे कशाला हवेत? वास आला की माणूस आपोआप दूर होतो! हा भ्रम आहे आणि तो प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो खरा; पण प्रमाण शंभर पीपीएमच्या घरात गेले की हा वायू वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. गटारात किंवा टाकीत उतरलेल्या माणसाला वाटते की वास गेला, म्हणजे वायूही गेला; आणि त्याच क्षणी तो मृत्यूच्या तोंडात असतो. त्याला वर काढण्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिघांच्या मरणाची चार ओळींची बातमी येते. मिथिल आयसोसायनेटची मर्यादा ०.०२ पीपीएम आहे. नाकाला मात्र तो वायू कळतो तो दोन पीपीएमच्या आसपास. म्हणजे नाक सावध होईपर्यंत मर्यादा शंभरपटीने ओलांडलेली असते! ज्या पहारेकऱ्याला चोर घर लुटून गेल्यावर जाग येते, त्याच्या भरवशावर घर कोण सोपवील?

मिथिल आयसोसायनेट म्हटले की भोपाळची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांच्या मधल्या त्या रात्री हजारो माणसे या वायूने गुदमरली. कारखाना शहराला लागून होता, पण आत काय साठविले आहे, ते बाहेर आले तर काय करावे, हे शेजारच्या वस्तीला ठाऊक नव्हते. इस्पितळात रोग्यांची रीघ लागली, तेव्हा आपण कोणत्या विषाशी झुंजत आहोत हेच डॉक्टरांना धड सांगितले गेले नव्हते. भोपाळात विषाइतकेच अज्ञानानेही बळी घेतले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्या आघातानंतर सरकारला जाग आली आणि १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्याची संपूर्ण माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही देण्याचे बंधन कलम ४१-ब अन्वये कारखानदारावर आले. आपल्या आरोग्यासंबंधीची माहिती मागण्याचा कामगाराचा हक्क कलम १११-अ ने मान्य केला. शंभरावर पदार्थांच्या मर्यादा परिशिष्टात छापल्या गेल्या. १९८९ च्या नियमांनी प्रत्येक घातक रसायनाचे सुरक्षा-माहितीपत्रक तयार ठेवणे आवश्यक केले. कागदावर पाहावे तर याहून अधिक काय हवे? पण कायद्याचे पुस्तक कचेरीच्या कपाटात आणि रसायनाचे पिंप कामगाराच्या खांद्याशी, ही स्थिती बदलली नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, त्यातलाच हा प्रकार!

आता तो जुना अधिनियमही मागे पडला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. माहिती मागण्याचा हक्क आणि माहिती देण्याचे बंधन तिनेही कायम ठेवले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु एक महत्त्वाचा बदल फारशा चर्चेवाचून झाला. मर्यादांचे आकडे पूर्वी संसदेच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात होते. आता ते राज्य सरकारने आपल्या नियमांनी ठरवावयाचे आहेत. यात एक सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. नवे ज्ञान हाती आले की नियम लवकर बदलता येतात. पण जो आकडा लवकर कडक करता येतो, तो तितक्याच लवकर आणि तितक्याच गुपचूप सैलही करता येतो. कोणत्या राज्यात मर्यादा ढिली आहे हे पाहून कारखाने तिकडे धावू लागले, तर त्या स्पर्धेचे मोल कामगाराच्या छातीतून वसूल होईल.

आकडे जागच्या जागी गोठले म्हणजे काय होते, याचा धडा अमेरिकेने दिला आहे. तेथील 'ओशा' या सरकारी संस्थेने १९७१ मध्ये शेकडो पदार्थांच्या मर्यादा स्वीकारल्या, त्या बहुतांशी १९६८ च्या यादीवरून. १९८९ मध्ये त्या एकदम सुधारण्याचा तिने प्रयत्न केला. १९९२ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरविला. परिणामी त्यांतील पुष्कळशा मर्यादा आजही तशाच आहेत आणि आपले आकडे जुने झाले आहेत, अशी कबुली ती संस्था स्वतःच देते. हायड्रोजन सल्फाइडचेच पाहा. 'ओशा'ची कमाल मर्यादा २०, आपल्या परिशिष्टातील आठ तासांची १०, आणि अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने २०१० पासून सुचविलेली केवळ १! बेंझीनसाठी याच परिषदेने १९४६ मध्ये १०० पीपीएमपर्यंत मुभा दिली होती. पुढे त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले आणि 'ओशा'ला १९८७ मध्ये ती मर्यादा १ वर आणावी लागली. विष तेच, माणसाचे रक्तही तेच. बदलले ते आपले ज्ञान. म्हणून कायद्याची मर्यादा ही अभयाची रेघ नव्हे. तिच्यापलीकडे जाणे गुन्हा आहे, एवढाच तिचा अर्थ. तिच्या अलीकडे सर्व कुशल आहे, असा मुळीच नव्हे.

तेव्हा माहिती पाहावयाची तर ती डोळसपणे पाहिली पाहिजे. आज ती दुर्मिळ राहिलेली नाही. अमेरिकेच्या 'नायोश' संस्थेची ६७७ रसायनांची खिशात मावणारी मार्गदर्शिका आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून काढलेली रसायन-सुरक्षा पत्रके ही दोन्ही विनामूल्य मिळतात. पण आधी पिंपावरचे नाव नीट वाचले पाहिजे. बेंझीन आणि बेंझाइन या दोन नावांत कानाला फारसा फरक वाटत नाही. वस्तुतः एक निश्चित घटनेचे कर्करोगजनक द्रव्य, तर दुसरे खनिज तेलापासून निघणारे मिश्रण. 'थिनर' या नावाखाली तर काय काय खपते, याला गणतीच नाही! म्हणून प्रत्येक रसायनाला दिलेला आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक पाहावा. बेंझीनचा ७१-४३-२ हा आहे. आकडा आठ तासांचा की पंधरा मिनिटांचा, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या संस्थेचा, हे पाहावे. आकड्यापुढे त्वचेची खूण आहे काय, हेही पाहावे. फिनॉलसारखे पदार्थ कातडीतून रक्तात शिरतात. तेथे हवा कितीही शुद्ध असली तरी उघड्या हाताचा घात व्हावयाचा तो होतोच.

या सर्वांत आज अधिक निकडीचा प्रश्न तासांचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास ४८ च राहतील, असे सांगण्यात आले. पण विषाचा हिशेब आठवड्याच्या हजेरीपटावर चालत नाही. आठ तास विष घ्यावयाचे आणि उरलेल्या सोळा तासांत शरीराने ते बाहेर टाकावयाचे, या गृहीतावर बहुतेक मर्यादा उभ्या आहेत. पाळी बारा तासांची झाली म्हणजे विष दीडपट शिरते आणि शरीराची सुटी सोळांवरून बारा तासांवर येते. ब्रीफ आणि स्काला या तज्ज्ञांनी १९७५ मध्ये याचे सोपे गणित मांडले आहे. त्याप्रमाणे शरीरात साचत जाणाऱ्या विषाची मर्यादा बारा तासांच्या पाळीला निम्म्यावर आणावी लागते. सरकारने तास वाढविण्याची तत्परता दाखविली. तीच तत्परता मर्यादा घटविण्यात ते दाखविणार आहे काय?

कारखानदारांकडून दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला गुपिताचा. आपली कृती त्यांनी खुशाल गुप्त ठेवावी. परंतु अपाय गुप्त ठेवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? दुसरा आक्षेप असा की, कामगाराला हे समजणार नाही. ज्याला लोकलचे वेळापत्रक तोंडपाठ असते, जो पगारपत्रकावरील प्रत्येक कपात बोट ठेवून विचारतो, त्याला "मर्यादा पंचवीस, आजची नोंद चाळीस" एवढे मराठीत लिहिलेले समजणार नाही? खरी भीती कामगाराला समजणार नाही याची नसून, त्याला समजेल याचीच आहे.

म्हणून सरकारकडे आमचे मागणे स्पष्ट आहे. राज्याच्या नियमांतील सर्व मर्यादा एका मराठी पुस्तिकेत, सुधारणेच्या तारखेसह, प्रसिद्ध कराव्यात आणि पूर्वीच्या परिशिष्टाहून एकही आकडा सैल करू नये. बारा तासांच्या पाळीसाठी वेगळ्या मर्यादा ठरवाव्यात. प्रत्येक पिंपापाशी मराठीत, आणि परप्रांतीय मजूर असतील तेथे त्यांच्या भाषेत, माहितीपत्रक लावावे. हवेच्या मोजणीची नोंद कारखान्याच्या दरवाजावर रोज लिहिली जावी. आणि माहिती मागितली म्हणून कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी दारातून परत पाठविणे, हा गुन्हा समजला जावा.

शेवटचे सांगणे आमच्या वाचकांना आहे. डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले, तेव्हा कारखान्याच्या भिंतींबरोबर मध्यमवर्गीयांच्या घरांच्या काचाही फुटल्या. कारखान्याचे कुंपण आपले रक्षण करीत नाही, हे त्या काचांनी सांगितले. आपल्यातच रसायनशास्त्राचे पदवीधर आहेत, अभियंते आहेत, सुरक्षा अधिकारी आहेत. ती इंग्रजी पत्रके तुमच्याच टेबलावरून जातात आणि त्यांवर सही तुमची असते. सही करण्यापूर्वी एकदा खाली उतरा, पिंपापाशी उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या भाषेत ते वाचून दाखवा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मंत्र्याची परवानगी लागत नाही. ज्ञान असून जो बोलत नाही, त्याच्या मौनाची मर्यादा कोणत्याही परिशिष्टात दिलेली नसते. ती ज्याची त्यानेच ठरवावयाची असते.