शर्यत आकाशात, धूर माहुलात

मुंबईहून लंडन-न्यूयॉर्कला उतारू नेणाऱ्या विमान-कंपन्यांत चुरस लागली, की आमचे विद्वान स्पर्धेची आरती म्हणू लागतात. भाडे उतरले, ग्राहक राजा झाला!

या शर्यतीतले गडी बदलत आले आहेत. १९४८ साली एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ने कैरो-जिनिव्हामार्गे लंडन गाठले. १९८५ साली निघालेल्या एमिरेट्‌सने दुबईमार्गे आमचे उतारू ओढले. २०१९ साली जेट एअरवेज बसली. २०२२ साली एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. जिंको कोणीही! मुंबईत विमानांच्या पोटात जाणारे इंधन आमच्या माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून नळाने जाते. मी म्हणतो, भाडे उतरते ते धुराचे पैसे कोणी मोजत नाही म्हणूनही.

तानसा जलवाहिनीकाठची कुटुंबे २०१७ पासून येथे आणून टाकली. त्यांना या हवेत राहण्याची सक्ती करता येत नाही, हे २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. आणि येथले कोळी? त्यांच्यावर सक्ती कोण करणार! ते तर कारखान्यांच्याही आधीपासून येथेच आहेत.

स्वस्त तिकिटाचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा माहुल कोळीवाड्यात मुक्काम करावा आणि पहाटे दीर्घ श्वास घेऊन दाखवावा.