चंगळवादाची छडी आणि लातूरचा निनावी मुलगा

किशोरवयीनांच्या साहित्यावर चर्चासत्र भरले की एक शब्द हमखास छडीसारखा उगारला जातो : चंगळवाद. मुले मोबाइलच्या आणि ब्रँडच्या नादी लागली, त्यांची ओळख हरवली, सबब त्यांच्या हाती संस्कारक्षम कादंबरी द्या, असा हा युक्तिवाद. आम्हांला तो मुळातच लबाड वाटतो. या बाजारात गिऱ्हाईक कोण आणि माल कोणता, हेच तो उलटे सांगतो.

लातूरचा उद्योग भवन परिसर पाहावा, नांदेडचे श्यामनगर पाहावे. अकरावीला येथे आलेला सोळा वर्षांचा मुलगा स्वतः काय विकत घेतो? खोली, मेस, शिकवणी, टेस्ट सिरीज, सगळे बाप घेतो; प्रसंगी शेत गहाण टाकून. मुलगा दोन वर्षे नुसता रोल नंबर असतो : 180 प्रश्न, 720 गुण आणि दर चाचणीगणिक वरखाली होणारा क्रमांक. त्याला चेहरा मिळतो तो निकालानंतर, चौकातल्या फलकावर, पुढच्या वर्षीच्या पालकांना दिसावा म्हणून. ज्याला फलक मिळत नाही त्याला 'रिपीटर' म्हणतात. हे नावही बाजाराचेच.

या मुलाला मराठी कादंबरीत जागा कुठे आहे? 'कोसला'त (1963) नेमाड्यांनी वसतिगृहातल्या उधळपट्टीला आणि वडिलांच्या पैशाला कथनाच्या ऐन मध्यावर आणले होते. पुढे ते सुटले. प्रकाश नारायण संतांचा लंपन लोभस आहे. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (2004) आणीबाणीतला नववीचा वर्ग फार नेमका उभा करते. या पुस्तकांचे मोठेपण आम्ही नाकारत नाही. मात्र त्यांच्या यशाने आम्हां शिक्षकांना एक सवय लागली : किशोरवय म्हणजे प्रौढाची आठवण. आमचा विद्यार्थी तेथे जातो तेव्हा त्याला तो स्वतः भेटत नाही, त्याचे शिक्षक भेटतात.

आणि चंगळवादाच्या तक्रारीला जात दिसत नाही, हे तर अधिकच गंभीर. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तल्या (2013) जब्याला जीन्स हवी असते. त्या जीन्सला चंगळ म्हणण्याचे धाडस कोणता समीक्षक करील? निनावीपणाचेही तसेच. गावात जिची ओळख आडनावाने आणि वस्तीने आधीच ठरलेली असते, त्या मुलीला शेकडोंच्या वर्गात कुणीच ओळखू नये, हा कदाचित पहिला मोकळा श्वास असेल. पुढे प्रवेशाच्या वेळी जातवैधता प्रमाणपत्र मागितले जाते आणि आडनाव परत येते. ओळख हरवणे आणि ओळखीतून सुटणे यांतला हा ताण एका कादंबरीला पुरून उरेल एवढा आहे. 'संस्कारक्षम' या विशेषणात तो मावत नाही.

तो वाचण्याची साधने आपल्या घरातच आहेत. 'लातूर पॅटर्न' ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयात आकाराला आला, त्याचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे (स्थापना 1994) पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे यांनीच 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ लिहिला. त्या परंपरेतल्या राल्फ एलिसनच्या 1952 च्या कादंबरीत नायकाचे नाव अखेरपर्यंत कळत नाही. लोक पाहायचे नाकारतात म्हणून तो अदृश्य. पॅटर्न आम्ही घरोघर पोचवला, ग्रंथ मात्र संदर्भविभागातच राहू दिला.

कुणी म्हणेल, नीटच्या तयारीतल्या मुलाला कादंबरी वाचायला वेळ कुठला? तो नाहीच. परंतु ही कादंबरी लिहू शकणारे कितीतरी जण दोन-दोन प्रयत्नांनंतर डॉक्टरकीचा नाद सोडून आमच्याच बी. ए.च्या वर्गात येऊन बसले आहेत. त्यांना आम्ही 'चंगळवाद आणि आजची तरुण पिढी' या विषयावर निबंध लिहायला सांगतो.