जैसलमेरला निघालेल्या मंडळींस जाहीर पत्रक

दिवाळी जवळ आली की आपल्याकडच्या जाहिरातींत सोनेरी वाळू, उंट आणि तंबू झळकू लागतात. जोधपूर, जैसलमेर, समच्या वाळूच्या टेकड्या. जरूर जा. पण ज्या जमिनीवर आपण उतरणार तिचं काय चाललंय, तेही ऐकून जा. तिथल्या शहरांच्या वाढीचं एक मोठं गिऱ्हाईक आपणच आहोत.

वाळवंट म्हणजे नुसती उडती वाळू, तिथे आणखी काय धुपणार, असं आपण धरून चालतो. ते साफ चूक आहे. थरची पुष्कळशी जमीन बसलेली असते. पावसानंतर तिच्यावर पापुद्रा धरतो. डोळ्यांना न दिसणारी नीलहरित शैवालं मातीचे कण एकमेकांना चिकटवून ठेवतात. त्यावर सेवण गवताचे ठोंब, फोगाची झुडपं, मधूनच एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी. फोगाची मुळं लांबवर पसरून वाळूची टेकडी जागच्या जागी धरून ठेवतात. ही घडी बसायला वर्षानुवर्षं लागतात आणि मोडायला जेसीबीची एक दुपार.

यात घर बांधणाऱ्यावर आमचा रोख नाही. घराखालची माती निदान झाकली जाते. आमचा रोख प्लॉटिंगवर आहे. गावाबाहेर माळावर एक भपकेबाज कमान, कॉलनीच्या नावाची पाटी, चुन्याने रंगवलेले हद्दीचे दगड, आणि आत काही नाही. झुडपं मुळासकट उपटलेली, जमीन सपाट केलेली. प्लॉट विकले जातात, पुन्हा विकले जातात. घर मात्र भाव चढेपर्यंत कोणी बांधत नाही. तोवर मे-जूनचे नैऋत्य वारे सुटतात. जाड कण उड्या मारत पुढे जातात आणि पडता पडता बारीक कणांना उडवून देतात. हे बारीक कण म्हणजेच त्या जमिनीचा कस. कुंपणाची भिंत पाहा: वाऱ्याच्या बाजूला वाळूचा ढीग चढलेला, कोपऱ्यांशी मात्र पाया उघडा पडलेला.

आणि पाऊस? जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही धड पडत नाही, म्हणून पाण्याने काय धुपणार असं वाटतं. पण लँगबाइन आणि शूम या अमेरिकी संशोधकांनी १९५८ सालीच दाखवलं होतं की नद्यांत सर्वाधिक गाळ येतो तो धो धो पावसाच्या मुलखातून नव्हे, तर सुमारे तीनशे मिलिमीटरच्या निमओसाड मुलखातून. पाऊस माती वाहून नेण्याइतका असतो, गवताने ती झाकण्याइतका नसतो. जोधपूर साधारण याच पट्ट्यात बसतं. अशा जागी डांबर, फरशी, सिमेंट पसरलं की एरवी मुरणारं पाणी एकवटून मोरीतून जोराने बाहेर पडतं आणि पुढच्या उघड्या जमिनीत घळ पाडतं. तो गाळ खाली तळ्यात जाऊन बसतो.

तळ्याला पाणी देणाऱ्या उताराला तिकडे आगोर म्हणतात. पूर्वी आगोरात जोडे घालून जायलाही मनाई असे. जैसलमेरच्या चौदाव्या शतकातल्या गडसीसर तळ्याच्या आगोरात हवाई दलाचा तळ उभा राहिल्याचं अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आपण त्याच तळ्यात बोटिंग करून येतो.

‘जागा काय कमी आहे?’ हा बिल्डरांचा ठरलेला सवाल. खरंच कमी नाही. जैसलमेर जिल्हा ३८ हजार चौरस किलोमीटरचा, २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला माणसं १७. म्हणूनच तर जमीन स्वस्त आणि म्हणूनच ती वाटेल तितकी खरवडली जाते! दाटीच्या मुंबईत प्लॉट असा वर्षानुवर्षं उघडा टाकणं परवडेल का कुणाला?

उपाय आहेत. अमेरिकेत वाळवंटातच वाढलेलं फीनिक्स शहर ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे एक दशांश एकर, म्हणजे आपले चार गुंठे, किंवा जास्त जमीन उकरायची तर धूळ आवरण्याचा परवाना आधी घ्यावा लागतो. त्याने वादळं थांबली नाहीत. ५ जुलै २०११ ला धुळीच्या भिंतीने ते शहर गिळलंच. पण माती उघडी टाकणाऱ्याला जाब तरी विचारता येतो. जोधपूरच्या ‘काजरी’ या केंद्रीय संस्थेने तर काटक्या-झुडपांच्या बुटक्या ओळी चौकटीचौकटीने रोवून वाळूच्या टेकड्या बसवायची रीत केव्हाच सिद्ध केली आहे. सरकारकडे आमची मागणी साधी आहे: बांधकाम सुरू होणार असेल तेव्हाच जमीन सपाट करायची परवानगी द्या, उघडी ठेवली तर झाकण्याचा खर्च मालकाचा. आगोर आणि देवाच्या नावाने राखलेली रानं, म्हणजे ओरणं, यांना हात लावू देऊ नका. ओरणं ही वनं समजावीत असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थान सरकारला बजावलं आहे. महसुली दप्तरात पडीक लिहिलेली ओरणं सौर कंपन्यांना देण्याचा खेळ आता तरी थांबावा.

राहिलो आपण. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा. तंबू कुणाच्या जमिनीवर आहेत, आगोर किंवा ओरण तर नाही ना? जीप ठरल्या वाटेनेच जाते की टेकड्यांवर उधळते? सांडपाणी कुठे सोडता? उत्तर टाळलं तर तंबू घेऊ नका, जैसलमेर गावातच राहा. तेही किल्ल्याच्या आत नको, कारण नळ-मोऱ्यांचं पाणी मुरून किल्ल्याखालची टेकडीच पोखरली जाते आहे. खाली बाजारात खोल्या मिळतात, किल्ला तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.