आधी आवाज कमी करा, मग ऐका!

सातारा-सांगलीकडच्या आपल्या वस्त्यांत ‘डीजे’ हा शब्द आता शाळेत न जाणाऱ्या पोरालाही कळतो. १४ एप्रिलची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो की गावची जत्रा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पेट्यांची भिंत उभी राहते आणि आपल्या घरांचे पत्रे थरथरू लागतात. तेच संगीत मग पोरांच्या मोबाईलमधून घरात येते. आई म्हणते, “बंद कर ती धडधड.” पोरगा म्हणतो, “तुला काय कळतंय त्यातलं?” आणि घरात वाद सुरू होतो.

खरे पाहता दोघांनीही ते संगीत अजून ऐकलेले नाही. आईच्या कानावर नुसता आवाज आदळला. पोराच्या छातीला नुसता ठोका लागला. त्या ठोक्याच्या आत काय चालले आहे, हे शांत बसून कोणीच ऐकले नाही. म्हणून या वेळी आपण इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला सुरुवात कशी करावी, ते पाहू या. पाच रविवार, दर रविवारी अर्धा तास, एवढेच. घरातला मोबाईल आणि कानात घालायची साधी वायर पुरे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जाचा आवाज बाहेरच पडत नाही, नुसती टिकटिक ऐकू येते. म्हणून कानातली वायर वापरा, किंवा जुन्या टेपचे स्पीकर जोडता आले तर आणखी चांगले.

हे संगीत म्हणजे काय?

लाऊडस्पीकरवर लागले म्हणजे इलेक्ट्रॉनिक, असे नाही. ढोलकीवर थाप पडते, चामडे हलते, हवा हलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. सिंथेसायझर नावाच्या यंत्रात चामडेही नाही आणि तारही नाही. तिथे विजेचा प्रवाहच ठराविक गतीने हलवला जातो आणि स्पीकरचा पडदा त्याप्रमाणे हलतो. सेकंदाला २२० वेळा हलला तर एक सूर, ४४० वेळा हलला तर तोच सूर वरच्या सप्तकात. मग ‘फिल्टर’ नावाची चाळणी लावतात. पिठातला कोंडा काढावा तसा आवाजातला खरखरीत भाग ती काढून टाकते. चाळणी हळूहळू उघडली की बोजड आवाज चकचकीत होत जातो. ठोका देणारे यंत्र वेगळे असते. त्यावर १६ घरांची पट्टी असते. ज्या घराचे बटण दाबाल त्या जागी ठोका पडतो आणि पट्टी संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एवढे समजले की अर्धे काम झाले.

पहिला रविवार : मिरजेचा तंबोरा

सुरुवात परदेशातून नको, आपल्या मिरजेतून करू या. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरे बनतात. सोलापूर जिल्ह्यातला भोपळा मिरजेच्या कारागिराच्या हातात येतो आणि त्याचे वाद्य होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या भागाला अभिमानाची गोष्ट आहे.

तंबोऱ्याला चार तारा. त्याच चार, त्याच क्रमाने, तासन्‌तास. तरी “तेच तेच काय वाजवता?” असे कोणी म्हणत नाही. कारण तारेखाली सुताचा धागा सरकवून कारागीर जवारी लावतो आणि एका तारेतून अनेक बारीक सूर झिरपू लागतात. हे सूर दर वेळी थोडे वेगळे चमकतात. बंगळुरूचे जी. राज नारायण हे बासरीवादक आणि इंजिनियरही. त्यांनी १९७९ मध्ये विजेवर चालणारा तंबोरा तयार केला. आज तो प्रकार मोबाईलवरही फुकट मिळतो. आधी खरा तंबोरा दहा मिनिटे ऐका, मग विजेचा. फरक कुठे आहे, तो घरातल्या प्रत्येकाने सांगायचा. हा झाला पहिला धडा : पुन्हा पुन्हा येणाऱ्या आवाजात बारीक बदल शोधणे. इलेक्ट्रॉनिक संगीताची निम्मी गंमत इथेच आहे.

दुसरा रविवार : मुंबईचे चरणजित सिंग

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे कलाकार. लग्नसमारंभांतही ते वाजवीत. म्हणजे हातावर पोट असलेला वादकच म्हणा ना! १९८२ मध्ये डिस्कोची हवा होती. त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडली. टीआर-८०८ हे ठोक्याचे, टीबी-३०३ हे खर्जाचे आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. तबला बाजूला ठेवून त्यांनी भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग या यंत्रांवर वाजवले. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने एचएमव्हीने ती तबकडी काढली आणि लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

जवळजवळ तीस वर्षांनी, २०१० मध्ये, एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली. तेव्हा जग चकित झाले. कारण परदेशात ‘अ‍ॅसिड हाऊस’ म्हणून गाजलेल्या संगीताशी तिचे विलक्षण साम्य होते आणि ते संगीत तर चरणजितजींच्या पाच वर्षे नंतरचे! उतारवयात त्यांना परदेशात कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

यातला भैरवी आधी लावा. पहिल्या वेळी फक्त ठोका ऐका. दुसऱ्या वेळी ठोका सोडून खालचा खर्ज धरा. एका स्वरावरून दुसऱ्यावर तो कसा घसरत जातो, ते पाहा. आपल्या गाण्यातल्या मींडेची आठवण होते की नाही? तिसऱ्या वेळी वरचे सूर ऐका. एकच गाणे तीन वेळा ऐकले की ते तीन गाण्यांएवढे होते.

तिसरा रविवार : अमेरिकेच्या कामगारवस्तीतून

१२ जुलै १९७९ या दिवशी अमेरिकेत शिकागोच्या एका क्रीडांगणावर हजारोंच्या गर्दीसमोर डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला गेला. डिस्को म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांचे, लॅटिनो लोकांचे आणि समाजाने बाजूला टाकलेल्या समलिंगी तरुणांचे संगीत. त्या स्फोटामागे या लोकांविषयीचा तिरस्कार होता, असे अनेकांनी नंतर सांगितले. कोणाच्या वाद्याला संगीत म्हणायचे आणि कोणाच्या वाद्याला गोंगाट म्हणायचे, हे ठरवणारे कोण असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पण त्याच शिकागोत ‘वेअरहाऊस’ नावाच्या जागी फ्रँकी नकल्स हा कृष्णवर्णीय कलाकार तबकड्यांना तबकड्या जोडत होता. त्या जागेच्या नावावरूनच ‘हाऊस’ संगीत हे नाव पडले, असे मानतात. चरणजितजींनी वापरलेले टीबी-३०३ हे यंत्र बाजारात पडले होते, कंपनीने ते १९८४ मध्ये बंदही केले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटातल्या पोरांनी त्याची बटणे मनाला येईल तशी फिरवली आणि १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ जन्माला आले. मोटारींचे कारखाने बंद पडत चाललेल्या डेट्रॉइट शहराजवळ हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डर्सन या तीन शाळासोबत्यांनी ‘टेक्नो’ घडवले.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच बांधवांनी भंगारात निघालेल्या यंत्रांतून जगाला नाचवणारे संगीत काढले, हेही पोरांना सांगायला हवे. डेरिक मेचे १९८७ चे ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ ऐका. त्यात खालचा खर्जच नाही, तरी पाय थांबत नाहीत. असे का होते, यावर घरात चर्चा करा.

चौथा रविवार : ठोक्याशिवाय

आता ठोका नसलेले संगीत. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर तिथे बसवून दिला. पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई यांचा त्यात मोठा वाटा होता. तिथल्या फिती पुढे अनेक वर्षे कपाटात पडून होत्या. त्यांतल्या काही निवडून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. साराभाई गिरणीमालकांच्या घरातल्या. त्यांना हे यंत्र सहज हाताशी आले. त्या काळात गिरणीत राबणाऱ्याच्या मुलीला ते बघायलाही मिळाले नसते. आज तसे राहिलेले नाही. ते सगळे यंत्र आता मोबाईलमध्ये मावते. आपल्या मुलींच्या हातीही ते द्या. हे संगीत ऐकताना अर्थ शोधू नका. पावसाचा आवाज ऐकतो तसे दहा मिनिटे ऐका.

पाचवा रविवार : आपल्या घरी परत

शेवटी आपलीच भीमगीते लावा, जुन्या कॅसेटच्या काळातली आणि आजची. आपल्या ऑर्केस्ट्रातला आठ चौकोनांचा ऑक्टोपॅड हा त्याच रोलँड कंपनीने १९८५ मध्ये आणला. चार रविवार झाल्यावर तुम्हाला ओळखता येईल की ढोलकी कुठे खरी आहे, कुठे ऑक्टोपॅड आहे आणि कुठे संगणकाने पट्टी भरली आहे. हे कळले म्हणजे गाण्याचा मान कमी होत नाही, कारागिराचे काम दिसू लागते.

कानाची काळजी

आता सर्वांत महत्त्वाचे. आतल्या कानात अतिशय नाजूक केसांसारख्या पेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही साधारण मर्यादा धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला फक्त १५ मिनिटे. पेट्यांच्या भिंतीसमोर आवाज याच्याही वर जातो. शेजारी हाताच्या अंतरावर उभ्या माणसाला ओरडून सांगावे लागले, तर आवाज धोक्याचा समजा. कानात शिट्टी वाजू लागली तर लगेच दूर व्हा. ती दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरला दाखवा. तान्ही मुले आणि म्हातारी माणसे यांना पेट्यांपुढे नेऊच नका. कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर वाजवता येत नाही. सरकारने मोजक्या दिवशी सवलत दिली तरच मध्यरात्रीपर्यंत वाजवता येतो.

आणखी एक गोष्ट मंडळाच्या बैठकीत जरूर मांडा. जयंतीच्या गाण्यात शब्द असतात. गावोगाव फिरलेल्या शाहिरांनी आणि गायकांनी ते शब्द लोकांना कळावेत म्हणून गायले. आवाज इतका चढला की शब्दच बुडाले, तर मागे राहते ती धडधड. आवाज थोडा उतरवला तर ठोकाही राहील, शब्दही राहतील आणि आजीलाही मिरवणुकीत पेट्यांजवळून चालता येईल.

“आता या वयात आम्ही नवे काय ऐकणार?” असे कोणी म्हणेल. बाबासाहेबांनी उतारवयात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, व्हायोलिन शिकायला घेतले होते. आपल्याला तर नुसते ऐकायचे आहे. येत्या रविवारी वायरचे एक टोक आईच्या कानात आणि दुसरे पोराच्या कानात घाला, आणि तंबोऱ्यापासून सुरुवात करा.